बीजांडात अडलेला हक्क

बियाणं राखून ठेवण्याचा, ते पुन्हा पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा, एवढंच काय, विकण्याचाही हक्क भारतातल्या शेतकऱ्याला कायद्यानं दिलेला आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१, कलम ३९. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही, एवढीच अट. टर्मिनेटर तंत्र, म्हणजे पुढच्या पिढीचं बी उगवूच नये अशी सोय, असलेल्या वाणांची नोंदणीही याच कायद्यानं नाकारली. हा कायदा चांगला आहे. तो असा व्हावा म्हणून ज्यांनी आग्रह धरला, त्यांचे आपण ऋणी आहोत.

तरीही मृगाच्या तोंडावर कापूस पिकवणारा शेतकरी घरच्या बियाण्याकडे पाहत नाही, कृषी सेवा केंद्राची वाट धरतो. ४७५ ग्रॅमची पिशवी. २०२४ च्या हंगामात बीटी कपाशीच्या, म्हणजे बोलगार्ड-२ च्या, पिशवीसाठी केंद्र सरकारनं ठरवलेली कमाल किंमत होती ८६४ रुपये. एकराला दोन पिशव्या तरी लागतात. पावसानं दडी मारली आणि दुबार पेरणी आली की तोच खर्च पुन्हा. मका, बाजरी, हायब्रीड ज्वारी, सीड कंपनीची मिरची, टोमॅटो, सगळीकडे हेच. हक्क कागदावर आहे, पण वापरता येत नाही. का येत नाही, याची उत्तरं मी पुष्कळ सभांतून ऐकली आहेत. कंपन्यांचा नफा, सरकारचं दुर्लक्ष, विद्यापीठांची सुस्ती. त्यांत तथ्य आहे. पण मूळ अडचण फुलाच्या आत, बीजांडातल्या एका पेशीत आहे आणि ती कुणी माणसानं निर्माण केलेली नाही.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. ही पेशी काय करते ते आता नीट कळलं आहे. तिचं काम बदलणंही प्रयोगशाळेत जमू लागलं आहे. ते ज्ञान सार्वजनिक संस्थांच्या हातात यावं आणि राहावं, यासाठी महाराष्ट्रानं आताच पैसा आणि माणसं लावली पाहिजेत. दहा वर्षांनी नाही.

मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पण फुलाची ओळख मला कॉलेजात झाली नाही. माझं माहेर देऊळगाव राजाच्या बाजूचं. जालना आणि हा सगळा पट्टा बियाण्यांच्या धंद्यावर उभा राहिला, आणि माझी आई कपाशीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. १९७० साली सुरतच्या कापूस संशोधन केंद्रावर सी. टी. पटेल यांनी 'हायब्रीड-४' हा कपाशीचा संकर दिला आणि हातानं परागीभवन करून संकरित कपाशीचं बी व्यापारी प्रमाणावर तयार करता येतं हे दाखवून दिलं. तो हात बहुतेक करून बाईचाच होता, आजही आहे. दुपार कलली की उद्या उमलणारी कळी ओळखायची. अंगठ्याचं नख राखलेलं असायचं. ते कळीच्या बुडाशी गोल फिरवून पाकळ्या आणि परागकोशांची नळी एकदम उपसून काढायची. नख जरा खोल गेलं तर आतल्या बोंडाला इजा होते आणि ते गळतं. मग उरतो तो उघडा स्त्रीकेसर. त्याला खूण बांधायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं ताजं फूल आणून त्याच्या टोकावर घासायचं. एका नर फुलात चार-पाच मादी फुलं होतात. आईला बीजांड हा शब्द माहीत नव्हता. पण बोंडात नेमकं काय सांभाळायचं आहे, हे तिच्या नखाला माहीत होतं.

ते सांभाळलेलं काय असतं? कपाशीच्या त्या कोवळ्या बोंडात चार-पाच कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात बीजांडांची रांग. फूल उमलायच्या कितीतरी आधी, कळी अगदी बारीक असतानाच, प्रत्येक बीजांडात एक पेशी बाकीच्यांहून मोठी होते. ती मातृपेशी. आजूबाजूला तिच्यासारख्याच पेशी असताना हीच का वाढली, बाकीच्या का थांबल्या, हा भ्रूणविज्ञानातला अतिशय सुंदर प्रश्न आहे. मग तिचं अर्धसूत्री विभाजन होतं. तिच्यात आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली अशी गुणसूत्रांची जोडी असते. पत्त्यांचा जोड पिसून वाटावा तशी त्या दोन्ही बाजूंची जनुकं एकमेकांत मिसळतात, निम्मी होतात आणि चार पेशींत विभागली जातात. या चार पेशी बहुधा एका ओळीत उभ्या असतात. त्यांतल्या तीन मरतात. बीजांडाच्या तोंडापासून सर्वांत दूर, देठाकडच्या अंगाला असलेली एक उरते.

त्या एकीचं केंद्रक तीनदा दुभंगतं. दोन, चार, आठ. मग भिंती उभ्या राहतात आणि आठ केंद्रकांच्या सात पेशी होतात. हा झाला भ्रूणकोष. तोंडाशी अंडपेशी आणि तिच्या दोन बाजूंना दोन सहायक पेशी. मधे दोन केंद्रकं बाळगणारी मोठी मध्यपेशी. मागच्या टोकाला तीन प्रतिध्रुवीय पेशी, ज्या कपाशीत लवकरच विरून जातात. बारावीची मुलं 'सात पेशी, आठ केंद्रकं' एवढं 'नीट' प्रवेश परीक्षेसाठी पाठ करतात आणि पुढच्या प्रकरणाला लागतात. त्यांना दोष नाही. पण पृथ्वीवरचा जवळपास प्रत्येक घास या सात पेशींतून येतो, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं.

परागनलिका बीजांडाच्या तोंडातून आत येते ती या सहायक पेशींनी सोडलेल्या रसायनांच्या मागावर. जपानचे तेत्सुया हिगाशियामा यांनी टोरेनिया नावाच्या बागेतल्या फुलझाडावर हे सिद्ध केलं. त्या झाडाचा भ्रूणकोष बीजांडाबाहेर डोकावतो, त्यामुळे त्यातली एकेक पेशी लेसरनं मारून पाहता आली. सहायक पेशी मारल्या की नलिका येत नाही. नलिका दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, आणते. एक अंडपेशीशी मिळतं आणि गर्भ सुरू होतो. दुसरं मध्यपेशीत शिरतं आणि गर्भाला पोसणारा भ्रूणपोष तयार होतो. हे दुहेरी फलन १८९८ मध्ये कीव्हच्या सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं. आपल्या ज्वारीचं पीठ, गव्हाचा मैदा, शहाळ्याचं पाणी आणि नारळाचं खोबरं हे सगळं त्या मध्यपेशीचं कर्तृत्व आहे. कपाशीची गोष्ट तर आणखी पुढची. ज्याला आपण कापूस म्हणतो त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे बीजांडाच्या बाहेरच्या सालीची लांबलेली एकच पेशी. फूल उमलतं त्याच दिवशी ती लांबायला लागते. विदर्भ-मराठवाड्याचं सगळं पांढरं सोनं बीजांडाच्या अंगावर वाढलेलं आहे.

या सगळ्याकडे पाहायला माणसाला फार उशीर लागला. १८२४ मध्ये इटलीच्या जोव्हान्नी बत्तिस्ता अमिची यांनी घोळीच्या फुलात, म्हणजे आपण भाजी करतो त्याच घोळीच्या, परागकणातून नलिका फुटताना पाहिली. त्यानंतर जर्मनीतल्या मथियास श्लायडेन या मोठ्या शास्त्रज्ञानं ठामपणे मांडलं की परागनलिकेचं टोकच बीजांडात शिरून गर्भ बनतं. गर्भ सगळा पित्याचा. बीजांड ही फक्त त्याला पोसणारी जागा. हे मत वर्षानुवर्षं टिकलं. अमिचींनी ऑर्किडवर काम करून ते खोडलं आणि १८४९ मध्ये लाइपझिगच्या विल्हेल्म होफमाइस्टर यांनी एकामागून एक अनेक वनस्पतींत दाखवलं की नलिका पोचण्यापूर्वीच बीजांडात अंडपेशी तयार असते आणि गर्भ तिच्यापासून होतो. होफमाइस्टर तेव्हा पंचविशीत होते, वडिलांच्या पुस्तकं आणि संगीताच्या प्रकाशन व्यवसायात काम करत होते आणि कुठल्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती.

श्लायडेन यांची चूक आपल्याला परकी वाटू नये. पुरुष बीज देतो आणि बाई नुसतं शेत असते, ही कल्पना आपल्या धर्मशास्त्रांत आहे, लग्नाच्या चालीरीतींत आहे, वारसाहक्काच्या भांडणांत आहे. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ मध्ये बीज आणि भूमी या प्रतिमेवर निबंध लिहून तिचे परिणाम उघड केले. वनस्पतीकडे पाहिलं तर ही प्रतिमा मुळातच उभी राहत नाही. बीज बापाचं नसतं. बीज म्हणजे बीजांड, आईच्या अंगाचा भाग. टरफल तिचं, साठवणीतली शिधासामग्री बहुतांशी तिनं पुरवलेली. बाप एका बारीक नळीतून दोन पेशी पाठवतो. माझी आई ज्या ओळीतली फुलं नखानं उघडत होती त्या ओळीला 'मादी' म्हणत आणि बी तिच्यावरून वेचत. शेतावरच्या बायकांना जे उघड दिसत होतं ते पुस्तकं लिहिणाऱ्यांना दिसलं नाही.

आता पुन्हा मातृपेशीकडे येते, कारण हायब्रीडचं कोडं तिथे आहे. दोन वेगळ्या, शुद्ध वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीतलं प्रत्येक रोप सारखं आणि जोमदार येतं. शेतकरी पिशवीतून आणतो ती ही पहिली पिढी. त्या रोपाला फुलं येतात, फुलात बीजांडं, बीजांडात मातृपेशी, आणि ती आपलं काम चोख करते. दोन्ही वाणांची जनुकं मिसळते, निम्मी करते, प्रत्येक बीजांडात वेगळा मेळ घालते. परागकणांतही तेच होतं. त्यामुळे घरी राखलेलं बी पेरलं की शेतात एक उंच, एक बुटकं, एक आगाप, एक मागास. हायब्रीड ज्वारी-बाजरीत तर काही ताटांचे परागकणच वांझ निघतात. कायद्यानं दिलेला बी राखण्याचा हक्क इथे, अर्धसूत्री विभाजनात, निकामी होतो. कंपनीला कुठलंही टर्मिनेटर जनुक घालावं लागत नाही. निसर्गाची ही रीतच तिचं संरक्षण करते. खाजगी भांडवल हायब्रीडमध्येच का ओतलं जातं आणि सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांकडे का फिरकत नाही, याचं निम्मं उत्तर या एका पेशीत आहे.

मग मातृपेशीनं हे मिसळणं टाळलं तर? आणि अंडपेशीनं परागाची वाट न पाहता गर्भ सुरू केला तर? तर हायब्रीडचं बी हायब्रीडच राहील. शेतकरी ते राखेल, पेरेल, पुन्हा राखेल. याला ॲपोमिक्सिस म्हणतात. हे ऐकून कुणाला दूरच्या भविष्याची गोष्ट वाटेल, म्हणून आधी वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांत जाऊ. तिथे संत्र्याची कलमं होतात. जंबेरीचं बी पेरून खुंट तयार करतात आणि त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. जंबेरीच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपं येतात. त्यांतलं एखादंच परागीभवनातून आलेलं असतं. बाकीची बीजांडातल्या, भ्रूणकोषाभोवतीच्या पेशींपासून, म्हणजे थेट आईच्या अंगापासून, आलेली असतात आणि हुबेहूब तिच्यासारखी असतात. जाणता नर्सरीवाला वेगळ्या वळणाचं, कमजोर रोप उपटून टाकतो आणि सारखी रोपं ठेवतो. एका संत्र्याच्या बीत अनेक गर्भ असतात हे डच सूक्ष्मदर्शकवाले लेव्हेनहूक यांनी १७१९ मध्येच नोंदवलं होतं. विदर्भाची संत्र्याची बाग एकसारखी दिसते त्यामागे हे आहे. आपल्या माळावरचं मारवेल गवत घ्या, अंजन गवत घ्या. त्यांतही पराग आणि अंडपेशीचा मेळ न होता बी धरतं. ॲपोमिक्सिस आपल्या गायरानात उभं आहे. फक्त आपण पेरतो त्या धान्यांत आणि कपाशीत नाही.

ते धान्यांत आणायचं काम पुढे सरकलं त्यात एक मोठं पाऊल भारतात पडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या केंद्रात इम्रान सिद्दीकी यांच्या गटानं मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडोप्सिस या छोट्या रोपट्यात दाखवलं की 'डायड' नावाच्या एका जनुकात बदल केला की मातृपेशी अर्धसूत्री विभाजन टाळू शकते आणि आईचा संपूर्ण जनुकसंच जसाच्या तसा अंडपेशीत उतरतो. हे २००८ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. २०११ मध्ये याच गटानं फ्रान्स आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर बियांतून आईची प्रतिकृती मिळवून दाखवली. भातात २०१८ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या इम्तियाझ खांडे आणि वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटानं पुढचं दार उघडलं. गर्भ सुरू करणारं बीबीएम-१ हे जनुक भातात सुरुवातीला बापाकडच्या प्रतीतूनच चालू होतं. म्हणून अंडपेशीला परागाची वाट पाहावी लागते. तेच जनुक अंडपेशीत चालू करून दिलं आणि जोडीला तीन जनुकं बंद करून मिसळण टाळली, तेव्हा परागाशिवाय गर्भ झाला आणि तो आईसारखाच निघाला. भ्रूणपोषासाठी मात्र पराग लागतोच. मध्यपेशी आपली अट सोडत नाही. सुरुवातीला असं बी थोडंच मिळत होतं. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलियेच्या शास्त्रज्ञांनी डेव्हिसच्या गटाबरोबर संकरित भातात हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर नेलं. चीनच्या हांगझोऊमधल्या भात संशोधन संस्थेनं २०१९ मध्येच आपली वेगळी वाट काढली होती.

एक इशारा इथेच देते. बाजारात असं कपाशीचं, ज्वारीचं, बाजरीचं बियाणं आज नाही. कुणी 'कायमचं हायब्रीड' म्हणून पिशवी विकायला आला तर घेऊ नका.

आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला एकसारखेपणाचा. १९७० मध्ये अमेरिकेत मक्यावर करपा आला आणि देशातलं सुमारे १५ टक्के पीक गेलं. कारण बहुतेक हायब्रीडच्या मादी ओळीत एकच, टेक्सास नावाचं, पेशीद्रव्य होतं. नर वांझ करणारा तो गुण पेशीद्रव्यातून, म्हणजे अंडपेशीतूनच, पुढे जातो, आणि त्याच्याबरोबर रोगाला बळी पडण्याची प्रवृत्तीही गेली. उद्या एकच स्वतःची प्रतिकृती करणारं वाण अर्ध्या राज्यात पसरलं तर तीच भीती. मी ती मान्य करते. पण हे तंत्र सार्वजनिक हातात असलं तर उलटंही करता येतं. आज एखाद्या हायब्रीडचं बी दरवर्षी नव्यानं करायचं म्हणजे मोठा खर्च, म्हणून कंपनीला एकच वाण लाखो हेक्टरवर विकावं लागतं. तो खर्च गेला तर साक्रीसाठी एक, आष्टीसाठी दुसरं, जतसाठी तिसरं असं स्थानिक हायब्रीड परवडेल. १९९८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या शास्त्रज्ञांनी ॲपोमिक्सिसचं तंत्रज्ञान सर्वांना खुलं राहावं असं जाहीर आवाहन केलं ते याच आशेनं.

दुसरा आक्षेप माझ्या घरातला आहे. क्रॉसिंगला जाणाऱ्या बायकांचं काय? कपाशीचं हायब्रीड बी स्वतःच स्वतःला राखू लागलं तर नख राखायचं कारण उरणार नाही आणि त्या हंगामाची मजुरीही उरणार नाही. देऊळगाव राजाच्या बाजूच्या शेडनेटमध्ये आज हजारो हात टोमॅटो, मिरची, काकडीच्या फुलांवर राबतात. या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. मी एवढंच म्हणेन की हे काम उद्या संपणार नाही. भाजीपाल्यात ते बराच काळ राहील. आणि त्या बायकांच्या हातात जे कौशल्य आहे ते नवे संकर करण्यासाठी लागतंच. ॲपोमिक्सिसचं वाणसुद्धा आधी कुणीतरी दोन चांगले वाण एकत्र आणल्याशिवाय होत नाही. कृषी विद्यापीठांनी या बायकांना रोजंदारीऐवजी प्रशिक्षित तंत्रज्ञ म्हणून कायम नेमावं, ही मागणी या विषयाच्या बाहेरची नाही. आईनं आयुष्यभर जे काम केलं त्याला तंत्रज्ञान म्हणतात, हे कुठल्याही सरकारी कागदावर कधी लिहिलं गेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसरा आक्षेप जनुकबदलाचा. २०२२ मध्ये केंद्रानं बाहेरचं जनुक न घालता केवळ संपादन केलेल्या पिकांना जुन्या जीएम नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये देशातले पहिले दोन जनुक-संपादित भात जाहीर झाले. मातृपेशीतली मिसळण थांबवण्यासाठी जनुकं बंद करणं या सवलतीत बसू शकतं. पण बीबीएम-१ अंडपेशीत चालू करायला बहुधा नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे पूर्ण तपासणी आली. ती व्हावीच. परागकणांतून हा गुण रानटी भाऊबंदांत गेला तर तण कसं वागेल, हे शेतात सोडण्याआधी पाहिलं पाहिजे. घाई नको. पण परवानगी कधी मिळेल ते माहीत नाही म्हणून संशोधनच सुरू न करणं ही सावधगिरी नव्हे. त्यानं एवढंच होईल की तंत्र तयार होईल तेव्हा त्याचे पेटंट दुसऱ्यांकडे असतील. ज्यांचा धंदा दरवर्षीच्या विक्रीवर चालतो त्यांच्याकडे ते गेलं तर ते शेतकऱ्यापर्यंत कशाला पोचेल?

या विषयात आपण नवशिके नाही, हे मला विद्यार्थ्यांना नेहमी सांगावंसं वाटायचं. दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी भ्रूणविज्ञानाची जी परंपरा उभी केली तिला जगात मान होता. १९५० मध्ये आलेलं सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचं त्यांचं पुस्तक देशोदेशी शिकवलं गेलं. १९६२ मध्ये कुसुम कांता, एन. एस. रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी अफूच्या बीजांडांवर परीक्षानळीत थेट पराग टाकून फलन घडवलं. झाशीच्या गवत आणि चारा संशोधन संस्थेत गिनी गवताच्या ॲपोमिक्सिसवर काम झालं आहे. हैदराबादचं सांगितलंच. माणसं होती, आहेत. नसतो तो एका पिकावर पंधरा-वीस वर्षं टिकणारा, दर आर्थिक वर्षाच्या शेवटी बंद न पडणारा कार्यक्रम.

तो बाजरीवर सुरू करावा, असं मला वाटतं. कपाशीचा प्रश्न मोठा आहे, पण बाजरीत अर्धी वाट आधीच झाली आहे. बाजरीच्या एका रानटी नातलगात ॲपोमिक्सिस नैसर्गिकच आहे, आणि त्यातलं एक जनुक बाजरीत घातल्यावर अंडपेशीनं परागाशिवाय गर्भ धरला, हे अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या पेगी ओझायस-एकिन्स यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं. मिसळण थांबवणारी जनुकं भातात ओळखीची झाली आहेत. उरलेलं काम या दोन गोष्टी एका ताटात एकत्र आणण्याचं आहे. आणि बाजरी आपली आहे. नाशिक, धुळे, अहिल्यानगर, बीडच्या हलक्या जमिनीतल्या, पावसावर भरवसा नसलेल्या माणसाचं पीक. राहुरी विद्यापीठाचं बाजरी संशोधन धुळ्यात चालतं, परभणी विद्यापीठाचं छत्रपती संभाजीनगरला. लोहाचं प्रमाण जास्त असलेली 'धनशक्ती' हे सरळ वाण आहे, त्याचं बी शेतकरी राखू शकतो. तितकंच लोहयुक्त 'एएचबी १२००' हे हायब्रीड आहे, ते राखता येत नाही. दोन्ही सार्वजनिक पैशातून आलेली, दोन्ही कुपोषणावरचा उपाय म्हणून दिलेली. एकाचं बी घरात राहतं, दुसऱ्याचं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. हा फरक पुसायचा आहे.

राज्याची चारही कृषी विद्यापीठं दरवर्षी जॉइंट ॲग्रेस्कोला एकत्र येतात, नव्या वाणांना आणि शिफारशींना तिथे मान्यता मिळते. पुढच्या बैठकीत राहुरी आणि परभणीनं मिळून एक ठराव मांडावा. बाजरीच्या ॲपोमिक्सिसचा संयुक्त प्रकल्प, सीसीएमबी आणि झाशी सोबत, किमान पंधरा वर्षांची हमी, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी राखीव शिष्यवृत्त्या, तयार होणाऱ्या प्रत्येक ओळीवर विद्यापीठाची मालकी आणि ती शेतकऱ्याला बी राखण्याच्या लेखी परवानगीसह देण्याची अट. खर्चाचा अंदाज काढायला फार वेळ लागत नाही. पिकाचे जाणकार धुळ्यात आहेत, पेशीचे हैदराबादला, आणि कायद्याचं कलम ३९ पंचवीस वर्षांपासून वाट पाहत आहे.